विश्लेषण : लाटेवर उभे राहण्याची कला जगभर नेणारे ड्यूक कहानामोकू कोण होते?

१४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची बोट लाटांच्या तडाख्याने उलटली. बोटीवरील २९ जण पाण्यात फेकले गेले. त्यातील १७ जण बुडाले, १२ वाचले. वाचलेल्या १२ पैकी ८ जणांना एकाच माणसाने लाकडी फळीवर ओढून किनाऱ्यावर आणले. तो माणूस सरकारी जीवरक्षक नव्हता. त्याच्याकडे ऑलिंपिकची पदके होती, पण कायमची नोकरी नव्हती. ड्यूक कहानामोकू हे त्यांचे नाव. आज भूमध्य समुद्रापासून महाबलीपुरमपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यावर जे सर्फिंग चालते, त्याच्या प्रसाराची सुरुवात बऱ्याच अंशी त्यांच्यापाशी जाते.

हवाईत सर्फिंग बंद पडण्याच्या बेतात का होते?

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूमध्ये झाला. त्या वेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. इंग्लंडचा राजपुत्र, ड्यूक ऑफ एडिंबरा, १८६९ मध्ये हवाईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून ड्यूक यांच्या वडिलांचे नाव ‘ड्यूक’ ठेवले गेले आणि तेच नाव थोरल्या मुलाला मिळाले. म्हणजे ‘ड्यूक’ ही पदवी नव्हे, नाव आहे. वडील पोलीस खात्यात होते. सहा भाऊ आणि तीन बहिणी असा मोठा संसार वायकिकीच्या किनाऱ्यालगत राहत होता.

फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येणे हा हवाई बेटांवरचा शेकडो वर्षांचा खेळ. राजे-राण्यांपासून कोळ्यांपर्यंत सगळे तो खेळत. पण १७७८ मध्ये युरोपीय जहाजे आली आणि त्यांच्याबरोबर रोगही आले. १८९० च्या शिरगणतीपर्यंत मूळ हवाईयन लोकांची संख्या सुमारे ४० हजारांवर आली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना हा खेळ, त्यातला उघडेपणा आणि त्यावर लागणाऱ्या पैजा पसंत नव्हत्या. माणसेच उरली नाहीत आणि उरलेल्यांना परावृत्त केले गेले. त्यामुळे ड्यूक लहान असताना वायकिकीला मोजकेच लोक फळी घेऊन पाण्यात उतरत.

ड्यूक अडीच वर्षांचे असताना, जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलीउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई बेटे ताब्यात घेतली. पुढे ज्या देशासाठी ड्यूक यांनी पदके जिंकली, त्याचे नागरिकत्व त्यांना असे आपोआप मिळाले होते.

‘हुई नालू’ म्हणजे काय?

१९०८ मध्ये वायकिकीला ‘आउटरिगर कनू क्लब’ सुरू झाला. सर्फिंग टिकवणे हा त्याचा उद्देश होता, पण सदस्य बहुतेक गोरे होते. ज्यांचा हा खेळ, ती हवाईयन मुले बाहेरच राहिली. ड्यूक आणि त्यांच्या मित्रांनी किनाऱ्यावरच्या एका झाडाखाली बसून आपले वेगळे मंडळ काढले. १९११ मध्ये त्याला रीतसर रूप आले. हवाईयन भाषेत ‘हुई’ म्हणजे मंडळ आणि ‘नालू’ म्हणजे लाट. ‘हुई नालू’ म्हणजे लाटांचे मंडळ.

या मंडळाची मुले पर्यटकांना पोहायला शिकवत, होडीतून फिरवत आणि दिवसभर पाण्यात असत. ड्यूक यांची फळी पुढे प्रसिद्ध झाली. कोआ नावाच्या झाडाच्या लाकडाची, १६ फूट लांब आणि ११४ पौंड म्हणजे जवळपास ५२ किलो वजनाची. सिमेंटच्या एका पोत्यापेक्षाही जड असलेली ही फळी घेऊन ते लाटांमध्ये जात. तिच्या खाली दिशा देणारा पंख नसे. तो १९३५ मध्ये टॉम ब्लेक यांनी बसवला. त्याआधी वळायचे असेल तर पाय पाण्यात बुडवून किंवा शरीराचा भार एका बाजूला टाकूनच वळावे लागे.

५५.४ सेकंदांचा वाद काय होता?

११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदरात पोहण्याच्या स्पर्धा झाल्या. तलाव नव्हता. दोन धक्क्यांमधल्या खाऱ्या पाण्यात १०० यार्डांचे अंतर आखले होते. ड्यूक यांनी ते ५५.४ सेकंदांत कापले. त्या वेळी मान्य असलेल्या विक्रमापेक्षा ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. जलतरणात विक्रम सेकंदाच्या अंशाने मोडतात. इथे जुना विक्रमवीर शेजारी पोहत असता, तर ड्यूक पोहोचले त्या क्षणी तो जवळपास ७ मीटर मागे राहिला असता.

अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेने हा विक्रम नाकारला. घड्याळे चुकली असावीत, अंतर चुकीचे मोजले असावे, अशी शंका घेतली गेली. अंतर पुन्हा मोजून दाखवल्यावर पाण्याच्या प्रवाहाची मदत झाली असावी, असे कारण पुढे आले. होनोलुलूच्या लोकांनी यावर एकच उपाय केला. वर्गणी काढली आणि ड्यूक यांना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवले.

तिथली पहिली शर्यत फसली. पिट्सबर्गच्या थंड, बंदिस्त तलावात त्यांच्या पायात गोळे आले आणि त्यांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. समुद्रात वाढलेल्या या तरुणाला भिंतीला पाय लावून वळण्याचीही सवय नव्हती. ती त्यांनी काही आठवड्यांत केली आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या संघात जागा मिळवली.

शर्यत हुकली, तरी सुवर्ण कसे मिळाले?

स्टॉकहोममध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलच्या उपांत्य फेरीला अमेरिकेचे जलतरणपटू वेळापत्रकाच्या गोंधळामुळे हजरच राहिले नाहीत. नियमाप्रमाणे ते बाद झाले होते. ऑस्ट्रेलियाचे सेसिल हीली यांना त्यामुळे सुवर्णपदकाची मोठी संधी होती. पण सर्वांत वेगवान माणूस नसलेल्या शर्यतीत जिंकण्यात अर्थ नाही, अशी भूमिका हीली यांनी घेतली आणि ड्यूक यांना संधी मिळावी म्हणून आग्रह धरला. जादा फेरी घेण्यात आली. ड्यूक अंतिम फेरीत पोहोचले आणि जिंकले. हीली दुसरे आले.

हीली यांनी हरण्याची शक्यता उघड्या डोळ्यांनी पत्करली होती. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये ते फ्रान्सच्या रणभूमीवर मारले गेले. ऑलिंपिकच्या इतिहासात ड्यूक यांचे पहिले सुवर्ण नोंदले गेले, त्यात हीली यांचा वाटा मोठा आहे.

सर्फिंग हवाईबाहेर कसे गेले?

ऑलिंपिक विजेता म्हणून ड्यूक यांना ऑस्ट्रेलियाचे निमंत्रण आले. पोहण्याचे प्रयोग दाखवण्यासाठी बोलावलेल्या ड्यूक यांनी तिथल्या लाटा पाहिल्या आणि स्थानिक पाइन लाकडाची फळी स्वतः तासून घेतली. डिसेंबर १९१४ मध्ये सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर ते ती घेऊन उतरले. काही आठवड्यांनी इझाबेल लेथम या स्थानिक मुलीला त्यांनी आपल्याबरोबर फळीवर उभे केले. लाटेवर उभ्या राहिलेल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन व्यक्तींमध्ये तिचे नाव घेतले जाते. ड्यूक यांनी ती फळी तिथेच सोडली. फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबने ती आजही जपून ठेवली आहे.

प्रसाराची पद्धत सगळीकडे साधारण अशीच राहिली. एक जाणकार माणूस, एक फळी आणि बघ्यांमधली दोन-चार धाडसी मुले. भूमध्य समुद्रावर हेच घडले. वायकिकीच्या लाटांवर वेळ घालवलेले अमेरिकी डॉक्टर डोरियन पास्कोविट्झ १९५६ मध्ये तेल अवीवला गेले आणि तिथल्या वाळूच्या किनाऱ्यावर त्यांनी सर्फिंग सुरू केले. त्या काळी भूमध्य समुद्र म्हणजे शांत निळे पाणी, एवढीच अनेकांची समजूत होती.

भूमध्य समुद्रावर लाटा वेगळ्या का असतात?

लाट वाऱ्यामुळे तयार होते. तिचा आकार तीन गोष्टींवर ठरतो. वारा किती जोराचा आहे, तो किती तास वाहतो आणि त्याला पाण्यावरून किती अंतर मोकळे मिळते. नागपुरात वादळी वारा सुटला तरी फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावर येणाऱ्या लाटा हातभर उंचीच्या पुढे क्वचितच जातात. वारा कमी नसतो, अंतर कमी असते.

वायकिकीला उन्हाळ्यात येणाऱ्या लाटा दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांमध्ये, हजारो किलोमीटर दूर जन्मतात. एवढ्या प्रवासात लहानसहान लाटा विरून जातात आणि लांब, एकसारख्या लाटा उरतात. दोन लाटांमध्ये १६ सेकंदांचे अंतर असेल, तर खोल समुद्रात अशी लाट ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने धावते आणि तिची लांबी ४०० मीटर भरते.

भूमध्य समुद्र पूर्व-पश्चिम जवळपास ४,००० किलोमीटर लांब असला, तरी इटलीचा पाय, सार्डिनिया, सिसिली, ग्रीसची बेटे यांनी त्याचे तुकडे केले आहेत. वाऱ्याला सलग अंतर मिळत नाही. तिथल्या लाटांमध्ये बहुधा ६ ते ८ सेकंदांचेच अंतर असते. ८ सेकंदांच्या लाटेचा वेग ताशी ४५ किलोमीटर आणि लांबी १०० मीटर. वेग निम्मा झाला की लांबी चौपट कमी होते. अशा लाटा वाऱ्याबरोबर येतात आणि एक-दोन दिवसांत मावळतात. त्यामुळे तिथले सर्फर हिवाळ्यात हवामानाच्या नकाशावर डोळा ठेवून असतात आणि वारा पडायच्या सुमारास पाण्यात उतरतात.

‘बीच ब्रेक’ म्हणजे काय?

लाट उथळ पाण्यात आली की तळ तिला अडवतो. खालचा भाग मंदावतो, वरचा पुढे झुकतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांश झाली की ती फुटते. म्हणजे १ मीटरची लाट सव्वा ते दीड मीटर खोलीवर फुटणार. वायकिकीला तळाशी प्रवाळाचा खडक आहे. तो हलत नाही, म्हणून लाट वर्षानुवर्षे जवळपास त्याच जागी फुटते. फ्रेशवॉटर, तेल अवीव किंवा आपल्या कोकणातल्या बहुतेक लांब पुळणींवर तळाशी वाळू असते. लाटा या वाळूचे पाण्याखालचे उंचवटे तयार करतात आणि त्याच लाटा ते मोडतात. अशा ठिकाणाला सर्फर ‘बीच ब्रेक’ म्हणतात. काल जिथे चांगली लाट होती, तिथे आज ती असेलच असे नाही. खडकाच्या मानाने वाळूवर पडणे कमी घातक, म्हणून शिकणारे बहुधा इथूनच सुरुवात करतात. पण वाळूच्या किनाऱ्याचा एक धोका वेगळा आहे. तो पुढे येतो.

अँटवर्पमध्ये मराठी धावपटूही होते का?

महायुद्धामुळे १९१६ चे बर्लिन ऑलिंपिक रद्द झाले. ऐन उमेदीची वर्षे ड्यूक यांच्या हातून गेली. १९२० मध्ये अँटवर्पला ते उतरले तेव्हा वयाची तिशी आली होती. वाढदिवसाच्या दिवशीच १०० मीटरची अंतिम शर्यत झाली. ती त्यांनी १ मिनिट ०.४ सेकंदांत जिंकली. एका स्पर्धकाच्या तक्रारीमुळे शर्यत पुन्हा घ्यावी लागली. ती त्यांनी पुन्हा जिंकली. सांघिक शर्यतीतही सुवर्ण मिळाले.

याच अँटवर्पमध्ये दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचे पथक पहिल्यांदा गेले होते. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे यांचे कांस्य थोडक्यात हुकले. वसाहतीतून आलेले मराठी खेळाडू आणि ताब्यात घेतलेल्या बेटावरून आलेला हवाईयन जलतरणपटू एकाच स्पर्धेत दुसऱ्यांच्या झेंड्याखाली उतरले होते.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जॉनी वाइसम्युलर या तरुणाने ड्यूक यांना मागे टाकले. हाच वाइसम्युलर पुढे पडद्यावरचा टारझन झाला. ड्यूक दुसरे आले आणि त्यांचा धाकटा भाऊ सॅम तिसरा. चौतिशीच्या उंबरठ्यावरचे ते रौप्य धरून ड्यूक यांच्या नावावर ऑलिंपिकची ३ सुवर्ण आणि २ रौप्य पदके झाली.

पदके होती, मग पैसा का नव्हता?

त्या काळी ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालत. खेळातून एक डॉलर घेतला तरी दर्जा जाई. १९१२ च्या संघातले ड्यूक यांचे सहकारी जिम थॉर्प यांनी पूर्वी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतल्याचे निघाले आणि १९१३ मध्ये त्यांची दोन्ही सुवर्णपदके काढून घेण्यात आली. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना ड्यूक यांनी पोहून पैसे मिळवण्याचा मार्ग बंदच ठेवला. श्रीमंतांच्या मुलांना हा नियम जड नव्हता. कमावल्याशिवाय घर चालणार नाही, अशांना तो जाचक होता.

ते हॉलीवूडला गेले. त्यांच्या सावळ्या रंगामुळे नायकाची भूमिका मिळण्याचा प्रश्न नव्हता. कधी आदिवासी टोळीचा प्रमुख, कधी कुठल्या तरी दूरदेशीचा सरदार, अशी छोटी कामे मिळत. मुख्य भूमीवर काही उपाहारगृहांनी रंगामुळे त्यांना जेवण नाकारल्याच्या आठवणीही आहेत. सुटीच्या दिवशी ते फळी घेऊन न्यूपोर्टकडे जात. १४ जून १९२५ चा दिवस असाच उजाडला होता.

‘थेल्मा’ नंतर काय बदलले?

बंदराच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा होता. मोठ्या लाटा त्याच्यावर फुटत होत्या. पोहत जाणाऱ्याला एका वेळी एकच माणूस आणता आला असता आणि दोन फेऱ्यांत तो स्वतः दमला असता. ड्यूक यांची फळी तरंगत होती. बुडणाऱ्याला धरायला आधार मिळत होता. हातांनी वल्हवत ते पुन्हा पुन्हा बोटीपर्यंत गेले. त्यांच्या सोबतच्या दोघांनी आणखी ४ जणांना बाहेर काढले.

या घटनेनंतर जीवरक्षकांनी फळी हे बचावाचे साधन म्हणून वापरायला सुरुवात केली. एका खेळण्याला दुसरे काम मिळाले. आज जगातल्या अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षकाच्या मनोऱ्याला टेकवलेली फळी दिसते, तिची परंपरा इथून सुरू होते.

विदर्भातल्या पर्यटकाला याचा काय उपयोग?

वाळूच्या किनाऱ्याचा जो वेगळा धोका, तो हा. उंचवट्यांवर फुटलेले पाणी किनाऱ्याकडे येते आणि परत जायला वाट शोधते. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून ते जोराने समुद्राकडे धावते. याला ‘रिप करंट’ म्हणतात. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत आणि तो भाग आजूबाजूपेक्षा शांत दिसतो. समुद्राची ओळख नसलेला माणूस नेमका तिथेच उतरतो.

हा प्रवाह सेकंदाला २ मीटरपेक्षाही जास्त वेग घेऊ शकतो. अँटवर्पमध्ये ड्यूक यांचा वेग सेकंदाला सुमारे १.६५ मीटर होता. म्हणजे ऑलिंपिक विजेताही अशा प्रवाहाविरुद्ध पोहून किनारा गाठू शकला नसता. तलावात पोहता येणारे तरुण समुद्रात दगावतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. ते सरळ किनाऱ्याकडे झुंजत राहतात आणि दमतात. प्रवाह खाली ओढत नाही, आत नेतो. म्हणून आधी तरंगत राहणे, हात वर करून मदत मागणे आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडणे, हा मार्ग जीवरक्षक सांगतात. काठावरच्यांनी मागोमाग उडी न घेता तरंगणारी वस्तू फेकायची असते. पावसाळ्यात आणि जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर मुळात पाण्यात न उतरणे उत्तम.

ड्यूक यांची शेवटची वर्षे कशी गेली?

हवाईला परतल्यावर त्यांनी मिळेल ते काम केले. पेट्रोल पंपही चालवला. १९३० च्या दशकात ते होनोलुलूचे शेरिफ म्हणून निवडून आले आणि सलग १३ वेळा निवडून येत राहिले. १९४० मध्ये नृत्यशिक्षिका नेडीन अलेक्झांडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शेरिफचे पद रद्द झाल्यावर शहराने त्यांना पाहुण्यांच्या स्वागताचे मानाचे काम दिले. मान मोठा, मानधन बेताचे.

२२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ७७. वायकिकीला होड्यांचा ताफा समुद्रात गेला आणि त्यांची रक्षा त्याच पाण्यात सोडण्यात आली. १९९० मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे त्यांचा पुतळा उभा राहिला. समुद्राकडे पाठ करू नये, हा सर्फरचा पहिला धडा. पुतळ्याची पाठ मात्र समुद्राकडे आहे, म्हणून तेव्हा वादही झाला.

सर्फिंग ऑलिंपिकमध्ये यावे, ही इच्छा ड्यूक यांनी पदके जिंकायला लागल्यापासून बाळगली होती. ती पूर्ण व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागली. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा त्सुरिगासाकी या वाळूच्या किनाऱ्यावर, म्हणजे बीच ब्रेकवर झाली. आता २०२६ च्या ऐची-नागोया आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमातही सर्फिंगचा समावेश झाला आहे आणि २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कर्नाटकच्या रमेश बुदिहाळ यांनी कांस्यपदक मिळवले. टोकियोत महिलांचे पहिले सुवर्ण जिंकणाऱ्या कॅरिसा मूर यांचे जन्मगाव होनोलुलू. लहानपणी त्या लाटांवर शिकल्या, तो किनारा वायकिकीचा.